मांडवाखालची चूल : शिबिरातील स्वयंपाकघराचा इतिहास

हीरक महोत्सवाच्या तयारीसाठी शाळेची जुनी कोठी उघडली, तेव्हा कागदपत्रांच्या गठ्ठ्यांमागे तीन वस्तू सापडल्या. बाहेरून काजळीने काळेकुट्ट झालेले एक मोठे पितळी पातेले, कीड लागलेल्या बांबूंची एक मोळी आणि ठिकठिकाणी ठिगळे लावलेली एक ताडपत्री. त्यांच्याबरोबरच स्काउट-गाइड शिबिरांची नोंदवहीही हाती आली. कपाटातील ढाली आणि करंडक पाहुण्यांना दाखवण्यासाठी आपण पुसून ठेवतो; या वस्तू मात्र कोणी पुसल्या नव्हत्या. नोंदवही वाचल्यानंतर मला वाटले की, शाळेच्या साठ वर्षांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण या काजळीखाली दडलेले आहे.

वहीतील पहिल्या शिबिराच्या नोंदीत असे लिहिले आहे की, मुलांनी आपापले डबे घरून आणले व घरोघरच्या सवयीप्रमाणे निरनिराळ्या झाडांखाली बसून खाल्ले. त्यानंतरच्या तिसऱ्या शिबिराच्या नोंदीत सर्वांची खिचडी एकाच पातेल्यात शिजल्याचा उल्लेख आहे. मधल्या काळात नेमके काय घडले, हे लिहिणाऱ्या गुरुजींनी सांगितलेले नाही. त्यांनी फक्त तांदूळ, डाळ, मीठ आणि सरपण यांचा हिशेब मांडला आहे. परंतु त्या हिशेबात एक नवी बाब दिसते, ती म्हणजे 'मांडवासाठी बांबू व सुतळी'. सर्वांसाठी एक चूल मांडायची, तर तिच्यावर एक छप्परही हवे, हे त्यांनी ओळखले होते. उघड्यावर मुक्काम करणाऱ्या माणसांनी आपल्या चुलीवर आडोसा कसा उभारला आणि त्या आडोशाखाली कोणाला बसू दिले, हा इतिहासाचा एक उपेक्षित परंतु बोलका विषय आहे. त्याचा थोडक्यात आढावा घेण्याचा हा प्रयत्न.

छावणीतील चूल

आपल्या देशात उघड्यावर स्वयंपाक करण्याचा सर्वांत मोठा अनुभव सैन्याच्या छावण्यांना होता. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त बादशाही छावणीचे सविस्तर वर्णन आहे. एका मुक्कामाचे सामान वाहण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत, असे तो नोंदवतो. त्याच ग्रंथात शाही मुदपाकखान्याचेही नियम आहेत. अन्न शिजत असताना आणि ते काढून घेताना वर चांदवा ताणला जाई, बघ्यांना दूर ठेवले जाई, आणि आचारी बाह्या व अंगरख्याचे घोळ खोचून, नाकातोंडापुढे हात धरून काम करीत. चांदव्यामुळे वरून पडणाऱ्या धूळ-पाचोळ्यापासून अन्नाचे रक्षण होई आणि विषप्रयोगाची संधीही कमी होई. आज आपण ज्याला स्वयंपाकघराची स्वच्छता व सुरक्षितता म्हणतो, तिचा विचार चारशे वर्षांपूर्वीच्या या नियमांत स्पष्ट दिसतो. अर्थात ही सारी व्यवस्था बादशहाच्या ताटासाठी होती. सामान्य शिपायाने आपली भाकरी कशी भाजली, याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले.

म्हणूनच छत्रपती शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र मला विशेष मोलाचे वाटते. १६७०च्या दशकातील हे पत्र चिपळूण परिसरात पावसाळ्यासाठी राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना उद्देशून आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या आशयाचा त्यातील भाग आपण सर्वांनी ऐकलेला असतो. परंतु त्याच पत्रात आगीविषयीही अत्यंत बारकाईची ताकीद आहे. कोणी भलत्याच जागी रांधील, कोणी नको तेथे आगटी पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. गवत पडले आहे की वारा सुटला आहे, याचा विचार कोणी करणार नाही. आणि एका ठिकाणची ठिणगी सगळ्या खणांना, वैरणीला व घोड्यांना भस्म करील, असा इशारा महाराज देतात. रात्री दिवा तेवत ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतक्या दूरच्या शक्यतेचाही विचार त्यांनी केला आहे.

या पत्राकडे शिबिर घेणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले, तर त्यातून तीन नियम हाती लागतात. चुलीची जागा आधी ठरलेली असावी. वैरण, सरपण व निवारा यांपासून ती दूर असावी. आणि वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय विस्तव पेटवू नये. मी गाइड शिक्षिका म्हणून प्रशिक्षण घेतले, तेव्हा हेच नियम मला शिकवले गेले. ते परदेशातून आलेले आहेत, अशी माझी तोवर समजूत होती.

पुढच्या काळातील मराठी छावणीचे एक चित्र टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने रेखाटले आहे. १८०९ मध्ये तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर होता आणि तेथून लिहिलेली त्याची पत्रे १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मुक्काम हलला की बिनीवाला पुढे जाई आणि महाराजांच्या डेऱ्यांची जागा दाखवणारे लहानसे पांढरे निशाण रोवी. मग निरनिराळ्या बाजारांची निशाणे ठरलेल्या क्रमाने लागत आणि दुकानांच्या दोन समांतर रांगांमधून एक लांबलचक रस्ता तयार होई. गाव रोज बदले. परंतु कोणता बाजार कोठे बसणार, हे बदलत नसे. आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे 'बिनीवाले' हे आडनाव या कामाची आठवण जपून आहे. शिंदे-होळकरांच्या पाठोपाठ मराठी कुटुंबे या प्रदेशात आली आणि स्थिरावली. आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी आयुष्यातील पहिली चूल मध्य भारतात मांडली, ती अशाच एखाद्या मुक्कामावर, हे आपण विसरू नये.

आणि ही परंपरा केवळ लष्करीही नाही. आषाढीच्या वारीत आजही प्रत्येक दिंडीचे सामान पुढच्या मुक्कामी जाते, राहुट्या उभ्या राहतात आणि भर पावसात, पालाखाली, शेकडो माणसांची भाकरी-भाजी तयार होते. पावसाळ्यात उघड्या माळावर मोठ्या समूहाला वेळेवर जेवू घालण्याची विद्या महाराष्ट्राला शिकवावी लागत नाही.

युद्धभूमीवरून शाळेच्या मैदानावर

युरोपात या विषयाला शास्त्रीय वळण मिळाले, ते क्रिमियाच्या युद्धात. तेथे सैनिक शस्त्रांपेक्षा रोगराई, थंडी आणि निकृष्ट अन्नाने अधिक मेले. लंडनच्या रिफॉर्म क्लबचा प्रसिद्ध बल्लवाचार्य अलेक्सी सोये १८५५ मध्ये स्वखर्चाने तेथे जाण्यास पुढे आला. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्याबरोबर त्याने स्कुतारीच्या रुग्णालयातील स्वयंपाकघर सुधारले आणि मग आघाडीवरील सैनिकांकडे लक्ष वळवले. त्याने तयार केलेली शेगडी म्हणजे पत्र्याचे एक बंद पिंप होते. तळाशी विस्तव, वर मोठे भांडे आणि धुरासाठी नळी. ज्वाला आतच राहत असल्याने वाऱ्या-पावसात ती विझत नसे, सरपण अगदी थोडे लागे आणि रात्री उजेड दिसून शत्रूला ठिकाणही कळत नसे. ब्रिटिश सैन्यात ही शेगडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरात होती. चुलीवर छप्पर घालण्याऐवजी चुलीलाच भिंती देण्याची ही युक्ती होती. आपल्याकडे चुलीला तिन्ही बाजूंनी मातीचा ओटा लिंपतात, त्यामागचे तत्त्व तेच आहे.

सैन्यातील ही विद्या मुलांपर्यंत आणली रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी. सैन्यातील त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ १८७६ मध्ये लखनौला झाला होता. १९०७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. त्यांत श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुले होती आणि कामगार वस्तीतील मुलेही होती. त्यांची सरमिसळ करून चार पॅट्रोल पाडण्यात आले. दररोज रात्री एक पॅट्रोल पीठ, बटाटे, मांस, चहा असा शिधा घेऊन वेगळ्या जागी मुक्कामाला जाई आणि स्वतःचे जेवण स्वतः शिजवी. उमरावाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच विस्तवाभोवती बसले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही सामान्य गोष्ट नव्हती.

परंतु चळवळ भारतात आली, तेव्हा त्या विस्तवाभोवतीचे वर्तुळ एकदम आकसले. १९०९ मध्ये बंगळूरला पहिले स्काउट पथक निघाले आणि १९११ मध्ये आपल्याच राज्यातील जबलपूरला गाइड चळवळीचा प्रारंभ झाला. पण ही पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलामुलींसाठी होती. भारतीय मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. यावर आपल्या लोकांनी तक्रारी करीत बसण्याऐवजी आपली वेगळी चूल मांडली. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी स्काउट संघटना काढली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीच्या माध्यमातून हे कार्य उभारले. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स अँड गाइड्स'ची स्थापना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइडांची संघटनाही तीत विलीन झाली. पुढे तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सातपुड्यात, पचमढीला उभे राहिले. आपल्या शाळेतील अनेक शिक्षकांनी तेथेच धडे घेतले आहेत.

भारतीय शिबिरांपुढे मात्र ब्राउन्सीपेक्षा अवघड प्रश्न होता. इंग्लंडमध्ये वर्गभेद होता. आपल्याकडे पाण्याचा आणि पंक्तीचा भेद होता. कंपनी सरकारच्या फौजेतही अनेक शिपाई आपापली चूल वेगळी मांडीत, आपले अन्न आपणच शिजवीत. अशा समाजात सहा-आठ मुलांच्या पॅट्रोलला एक पातेले देणे आणि पाळीपाळीने प्रत्येकाला आचारी करणे, हे केवळ स्वावलंबनाचे शिक्षण नव्हते. आज जो पाणी भरतो तो उद्या भात शिजवतो आणि परवा खरकटे काढतो, या साध्या वेळापत्रकाने अनेक व्याख्यानांचे काम केले. आपल्या नोंदवहीतील तिसऱ्या शिबिराकडे मी या दृष्टीने पाहते. त्या वर्षी कोणीतरी आपला डबा घरी ठेवून आले असेल. कोणाच्या तरी आईने मन घट्ट केले असेल. त्यांची नावे वहीत नाहीत. परंतु शाळेच्या खऱ्या संस्थापकांत त्यांचीही गणना व्हावयास हवी.

एका पावसाचा धडा

या विद्येचे मोल मला स्वतःच्या चुकीतून कळले. मी नव्याने गाइड पथकाची जबाबदारी घेतली होती. डिसेंबरमधील शिबिर नदीकाठच्या एका आमराईत होते. आभाळ निरभ्र होते, म्हणून मी मांडव उभारण्याचे काम दुसऱ्या दिवसावर ढकलले. चुली झाडाखाली मांडल्या, सरपण उघड्यावरच रचले. संध्याकाळी पिठले चुलीवर असतानाच मावठ कोसळली. विस्तव विझला, लाकडे भिजली, पिठल्यात पाणी भरले. तंबूच्या आत चूल पेटवावी, असा विचार माझ्या मनात आला होता, हे मी आज कबूल करते. आमच्याबरोबर आलेल्या वयोवृद्ध शिपाईमामांनी मला तेथेच अडवले. "बाई, पोरी एक रात्र उपाशी राहिल्या तर मरत नाहीत," एवढेच ते म्हणाले. बंद तंबूत विस्तव ठेवल्यास वास नसलेला विषारी वायू साठतो आणि झोपेतच जीव जातो, हे मी पुस्तकात वाचलेले होते. ऐन वेळी मात्र ते आठवले नाही. त्या रात्री मुलींनी कुरमुरे आणि गूळ खाल्ला. पहाटे मामांनी आणि मोठ्या मुलींनी मिळून ताडपत्री ताणली, आणि सकाळचा चहा रिमझिमीतच, कोरड्या चुलीवर झाला.

तेव्हापासून आपल्या शाळेच्या शिबिरात काही नियम पक्के झाले. आज बाहेरगावी, बाहेरदेशी कुटुंबासह भटकंतीला जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनाही ते उपयोगी पडतील, म्हणून येथे नमूद करते.

मुक्कामी पोहोचल्यावर तंबूंच्याही आधी स्वयंपाकाचा मांडव उभा राहतो. त्याची जागा तंबूंपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असते, म्हणजे धूर आणि ठिणग्या तंबूंकडे जात नाहीत. जमीन किंचित उंच व पाणी न साचणारी निवडतात; वाळक्या फांद्या असलेल्या झाडाखाली आणि नदीच्या पात्रात चूल कधीही मांडत नाहीत. छप्पर उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा बरेच उंच असते आणि त्याला एका बाजूला ठळक उतार असतो. ताडपत्री सैल राहिली, तर तिच्यात पावसाचे पाणी साठून पखालीसारखा फुगा होतो आणि एखाद्या क्षणी सारे पाणी चुलीवर कोसळते. चूल मांडवाच्या मध्यभागी नव्हे, तर उंच बाजूच्या कडेला असते, म्हणजे धूर बाहेर पडतो आणि ज्वाला कापडापासून दूर राहते. वाऱ्याच्या बाजूला चटई किंवा पाल्याचा कूड असतो. उरलेल्या बाजू मोकळ्याच ठेवतात.

मांडवाभोवती वीतभर खोल चर खणून त्याला उताराकडे वाट काढून देतात. सरपण छपराखाली, परंतु चुलीपासून चार पावले दूर रचतात, आणि सकाळपुरती बारीक काटकी आदल्या रात्रीच आत आणून ठेवतात. ओढ्यातले ओले दगड चुलीला लावत नाहीत, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. हिरव्या बांबूच्या बंद पेरांचाही तसाच बार उडतो, म्हणून बांबू विस्तवापासून दूर असतात. हाताशी पाण्याची आणि मातीची एकेक बादली भरलेली असते. भाताची पेज व खरकटे पाणी यांसाठी वेगळा खड्डा असतो. तो गवताने झाकतात आणि निघताना बुजवतात. शेवटच्या दिवशी राखेवर पाणी ओतून, हात लावून ती गार झाल्याची खात्री केल्याशिवाय कोणीही बसमध्ये चढत नाही.

यांतील एकही गोष्ट अवघड नाही. परंतु एकट्याने करता येईल, अशीही यांत फारशी नाही. ताडपत्रीचे चार कोपरे चौघांनी एकाच वेळी ताणावे लागतात, आणि त्यांपैकी एकाने जरी कुरकुर केली, तरी छप्पर वाकडे होते.

पुढे काय

गेल्या काही वर्षांत या परंपरेवर प्रश्नचिन्ह उमटले आहे. शिबिराचे जेवण कंत्राटदाराकडून मागवावे, अशी सूचना पालकसभेत एकाहून अधिक वेळा आली. शिकायला आलेल्या मुलींनी चूल का फुंकावी, असे एका मातेने मला विचारले. त्यांच्या स्वतःच्या आईचे आयुष्य धुरात गेले होते. त्यामुळे हा प्रश्न मी हलका मानला नाही. घरातील चूल ज्यांच्यावर लादली गेली, त्यांच्या लेकींना चुलीचे कौतुक सांगणे बरे नव्हे. माझे उत्तर एवढेच होते की, शिबिरातील चुलीपाशी मुलगेही बसतात, आणि तेही पाळीनेच. आपला एक विद्यार्थी लग्नानंतर पत्नीसह भेटायला आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, यांना कणीक मळता येते, हे तुमच्या शाळेचे उपकार." अशी प्रशस्तिपत्रे आपण भिंतीवर लावत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहार्य आहे. अनेक वनक्षेत्रांत आता उघड्यावर विस्तव पेटवण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. सरपणासाठी झाडे तोडण्याचा काळ संपला. म्हणून यापुढे आवश्यक तेथे आपण गॅसची शेगडी वापरणार आहोत. परंतु शेगडी आली, तरी मांडव हवाच. वाऱ्याने ज्योत विझली, तर गॅस साठतो. म्हणून आडोसा हवा आणि तो तीन बाजूंनी मोकळाही हवा. सिलिंडर उभा, सावलीत आणि आचेपासून दूर हवा. बंद तंबूत शेगडी पेटवणे चुलीइतकेच घातक आहे. साधन बदलले तरी काळजी तीच राहते. महाराजांच्या पत्रातील उंदीर आणि पेटती वात आजही आपल्याबरोबर आहेत, असे मी मुलांना सांगते.

हीरक महोत्सवी वर्षाचे शिबिर येत्या हिवाळ्यात होईल. त्यासाठी कंत्राटदार नेमायचा नाही, असा निर्णय शिक्षकसभेने घेतला आहे. पितळी पातेल्याला कल्हई लावून घेतली आहे. बाहेरची काजळी मात्र तशीच ठेवली आहे. जुने बांबू कामाचे राहिलेले नाहीत, नवे आणावे लागतील. ताडपत्रीचे दोन कोपरे फाटले आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हातांना जुन्या बांधण्या अजून आठवतात, त्यांनी पहिल्या दिवशी सकाळी अवश्य यावे आणि नव्या मुलांबरोबर एकेक कोपरा धरावा. दुपारच्या खिचडीत त्यांचा वाटा धरलेला आहे.